धावती बेरीज

आके, मडगाव. औषधांचा डेपो.
थंड खोलीतून बाहेर आलं की चष्म्यावर धुकं येतं.
आत इन्सुलिनच्या दोनशेचाळीस कुप्या,
बाहेर सात गावांच्या ऑर्डरी,
मध्ये मी लिहिलेली बारा ओळींची क्वेरी.

तिचं काम सोपं.
आलेल्या वेळेनुसार सगळ्यांना रांगेत उभं करायचं
आणि बेरीज हातात घेऊन रांगेवरून चालत जायचं.
मडगाव ऐंशी.
म्हापसा साठ, झाले एकशेचाळीस.
वास्को पंचेचाळीस, एकशेपंच्याऐंशी.
फोंडा तीस, दोनशेपंधरा.
साठा संपला तरी ती थांबत नाही,
उरलेल्यांच्या नावापुढे शून्य ठेवत शेवटपर्यंत जाते.

इनास एकतीस वर्षं इथला स्टोअरकीपर.
पहिल्या दिवशी पडद्याकडे बघून म्हणाला,
‘तुज्या बेरजेक पांय आसात, दोळे नात.’
मी हसले. पेन्सिल त्याने कानावरून काढलीच नाही.

त्या सोमवारी
कुडचडे वीस, केपे पंधरा,
दोघांची ऑर्डर दहा बाराची, एकाच मिनिटातली.
क्वेरीला थोरला-धाकटा ठरवता येईना.
तिने दोघांना एकाच मुठीत मोजलं,
दोघांच्या कपाळी एकच आकडा लिहिला: दोनशेपन्नास.
कुडचड्याला वाटलं केपे आपल्या पुढे,
केप्याला वाटलं कुडचडे.
एकाला दहा मिळाल्या, दुसऱ्याला पाच.

चार वाजता इनासने फ्रीज मोजला.
‘धा उरल्यो.’
कुणाच्या?
‘कोणाच्योच न्हय.’

पडद्यावर शेवटची ओळ:
गावडोंगरी. मागितल्या दहा, दिल्या शून्य.
वेळ अकरा चाळीस.
पुंडलिक वेळीप दुकान शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून
वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चढतो,
तेव्हा कुठे रेंजची एक काडी उभी राहते.
माझ्या टेबलात तो चढ कुठल्याच रकान्यात नाही.

इनासने मला विचारलं नाही.
थर्माकोलचा डबा, बर्फ, दोरीला दोन गाठी,
आणि साडेपाचच्या कदंबाच्या कंडक्टरला
काहीतरी सांगत तो बराच वेळ खिडकीशी उभा राहिला.

मंगळवारी चूक सापडली.
दुरुस्ती दीड ओळीची:
वेळ सारखी असेल तर ऑर्डरचा नंबर बघ,
आणि मुठीने मोजू नकोस, एकेक मोज.
सोमवारचेच आकडे पुन्हा चालवले.
कुडचडे वीस. केपे पाच. फ्रीज रिकामा.
हिशेब इतका चोख की त्यात नख जाईना.
गावडोंगरी शून्य.
कालचं शून्य चुकीचं होतं, त्याच्या मागे दहा कुप्या होत्या.
हे बरोबर होतं.

इनासची जुनी वही मी मागून घेतली.
बुरशीचा वास, स्टॅम्पपॅडची निळी बोटं.
दर सोमवारच्या पानावर सगळ्यात वर,
पहिला फोन वाजण्याच्याही आधीची एक ओळ:
दोंगर १०.
कधी १२. मे महिन्यात एकदा १५.
खाली मग मडगाव, म्हापसा, सगळे.
खाडाखोड आहे, पण त्या ओळीवर नाही.

क्वेरीत मी एक ओळ वाढवली.
वेळ: शून्य वाजून शून्य मिनिटं.
संख्या: दहा.
ग्राहकाच्या रकान्यात गावडोंगरी लिहिलं,
आणि कारणाच्या रकान्यात बराच वेळ काहीच सुचेना,
शेवटी लिहिलं, चढ.
बेरीज आता दहापासून निघाली:
नव्वद, दीडशे, एकशेपंच्याण्णव, दोनशेपंचवीस.
कुडचड्याला पंधरा.
केप्याला शून्य.

म्हणजे शून्य गेलं नाही कुठे,
डोंगर उतरून केप्यात आलं.
इनासला दाखवलं. तो म्हणाला,
‘म्हाकाय तशेंच जातालें.’
मग? मग तू काय करायचास?
तो पेन्सिलीला टोक काढत राहिला.

पुढच्या सोमवारी साडेबाराला फोन वाजला.
केप्याचा.
इनास उठला नाही.
मी चष्मा पुसला
आणि उचलला.